अंगदुखीची पूड

"कसली पूड?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"सोडा सॅलिसिलास, साहेब. अंगदुखीची," मी म्हणालो.

हे खोटं होतं. आणि ते खोटं होतं हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. समोर डिस्पेन्सरीच्या फरशीवर सहा माणसं आडवी पडली होती. डॉक्टर बत्ती जवळ धरून एकेकाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघत होते. उत्तर देऊन मी पोट धुवायची रबरी नळी गरम पाण्यातून काढायला गेलो. तेव्हा माझे हात जराही थरथरले नाहीत. पुढे मला त्याचीच जास्त लाज वाटली.

त्या सहांपैकी कोणी मेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणारा भलत्याच गोष्टीची वाट पाहत बसणार नाही.

मी तेव्हा मुरुडच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या एका गावी धर्मादाय डिस्पेन्सरीत कंपाउंडर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. कंपाउंडर म्हणजे डॉक्टर चिठ्ठीवर लिहितील ते औषध मोजून, ढवळून, बाटलीत भरून देणारा माणूस. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची. दोन खाचांमधलं औषध म्हणजे एक डोस. हे काम मी नीट करत असे. पण माझे वडील वैद्य होते. त्यांचा दगडी खल आणि अर्धीअधिक मुळ्यांची ओळख मला वारशात मिळाली होती, आणि ती गप्प बसू देत नसे.

डॉक्टर सबनीस मुंबईला शिकलेले. कडक, पण अन्यायी नव्हेत. एकदा मास्तरांच्या बायकोला मी डोकं शांत राहायला ब्राह्मीचं तेल दिलं, ते त्यांना कळलं. त्यांनी मला टेबलासमोर उभं केलं.

"बापट, तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे. पण तुमच्या एखाद्या मुळीत औषध किती, हे तुम्ही मला सांगू शकता?"

"अदमासानं, साहेब."

"अदमास खानावळीत चालतो. पुन्हा झाडपाला दिसला तर तुम्ही घरी बसायचं."

मी मान हलवली. घरी बायको, दोन मुली, आणि गावात दुसरी नोकरी नाही.

आता धर्मा तांडेलाचं सांगतो. तांडेल म्हणजे मचव्यावरचा मुख्य माणूस. जाळं कुठे लावायचं, कधी ओढायचं, वारा फिरला तर परतायचं की थांबायचं, सगळं तो ठरवतो. बाकीचे खलाशी त्याच्या शब्दावर समुद्रात जातात. धर्मा चाळिशीचा होता, अंगानं धिप्पाड, बोलणं कमी. आदल्या हंगामात त्याचा सख्खा धाकटा भाऊ गोमा जाळं ओढताना त्याच्याच मचव्यावरून पाण्यात गेला. पुन्हा दिसला नाही. त्याची बायको चांगुणा आणि लहान मुलगी धर्माच्याच घरात राहत. धर्माची बायको दम्यानं अंथरुणाला खिळलेली. मचव्यावरचं जेवण चांगुणा रांधून द्यायची.

गोमा गेल्यापासून धर्माची झोप गेली. डॉक्टरांनी त्याला ब्रोमाइड लिहून दिलं. हे खारट लागणारं मिक्सचर. त्या काळी मनाचा ताण, आकडी, झोप न येणं, सगळ्यावर तेच. त्यानं धर्मा दिवसाही सुस्त राहू लागला आणि तोंडभर पुटकुळ्या उठल्या. खलाशी म्हणत, "तांडेलाला परत मिसरूड फुटनार बहुतेक." त्यानं बाटली सोडून दिली.

मग एका सकाळी तो डिस्पेन्सरीच्या मागच्या दारी आला. मी खलात खडीसाखर कुटत होतो.

"कंपोंडरसाहेब, तुमचा बाप मुळी द्यायचा झोपंची. आमच्या आयला दिल्ली व्हती त्यानं."

"डॉक्टरांचं औषध का सोडलंस?"

"त्यानं झोप न्हाय येत, नुसता मेल्यासारखा पडतो मानूस. डोला मिटला का गोमा हात वर करतो. मचव्यावर पन आता हात कापतात माझे. खलाश्यांना समजला तं दुसरा तांडेल बघतील. मंग माझी आजारी बायको, ती चांगुना, तिची पोर, कोन बघंल त्यांना?"

मी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

त्या पुडीत काय होतं ते लिहितो. सर्पगंधेची मुळी, जटामांसी, थोडं जायफळ आणि खुरासानी ओवा. वडिलांच्या पाठात सर्पगंधा मुख्य. ती माणसाला हळूहळू शांत करते, पण गुण यायला आठवडा जातो. खुरासानी ओवा हा आपल्या घरातला ओवा नव्हे. तो धोतऱ्याचा भाऊबंद. झोप झटकन आणतो, पण मात्रा चुकली तर तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळतो आणि मग दगडासारखा पडतो. वडील तो नावापुरता घालत. मी जास्त घातला. मला धर्माला पहिल्याच रात्री झोपवायचं होतं. त्यानं दुसऱ्या दिवशी येऊन, "कंपोंडर, बापासारखाच हात हाय तुमचा," असं म्हणायला हवं होतं. दुसरं कारण नाही.

धर्मा आला तेव्हा मी पुडी त्याच्या हातात ठेवली. पुष्कळ दिवस पुरेल एवढी होती. "नखावर राहील एवढीच चिमूट, निजताना," एवढं मी बोललो. वडील एक गोष्ट नेहमी विचारत: हे घेतल्यावर तू काय करणार आहेस? नांगराला जाणार, ताडावर चढणार, होडीत बसणार? मी ते विचारणारच होतो. तेवढ्यात आतून डॉक्टरांच्या चपलांचा आवाज आला आणि ते दारात उभे राहिले.

"काय देताय?"

"अंगदुखीची पूड, साहेब. सोडा सॅल," मी म्हणालो. मग धर्माकडे वळून, जरा मोठ्यानं, "अंग दुखलं की घे हो."

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते आत गेले. धर्मा माझ्याकडे बघून किंचित हसला. आमच्या दोघांचं गुपित झालं होतं. मीही हसलो.

पुढे मचव्यावर काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. जोडून सांगतो.

इथले कोळी डोल लावतात. डोल म्हणजे पिशवीसारखं भलंमोठं जाळं. ते भरतीच्या ओढीत तोंड उघडून धरायचं आणि पाणी फिरेपर्यंत मचवा तिथंच बांधून थांबायचं. ह्या वेळात खलाशी जेवतात, लवंडतात. एक जण जागा राहतो. त्या दिवशी दुपारी जेवण झालं. धर्मानं कमरेची पुडी काढून पाहिली. घरी ती ठेवायची त्याला भीती वाटे. बायकोनं विचारलं तर काय सांगणार? ते एका खलाश्यानं पाहिलं.

"तांडेल, काय हाय ता?"

धर्माला झोपेची पूड म्हणवेना. त्याच्या तोंडी तयार उत्तर होतं, मीच दिलेलं. "अंगदुखीची पूड. कंपोंडरनी दिलीन."

"अंग काय तुझा एकट्याचाच दुखतो? आमी काय जाला फुकट वढतो?"

"काढ वाटा."

हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. मचव्यावर आलेली वस्तू वाट्याची. मासळीचे वाटे पडतात तसे विडीचे, गुळाचे, घरून आलेल्या लाडवाचेही पडतात. मचव्यावर जो एकट्यानं खातो त्याच्या जाळ्याला दर्या काही देत नाही, असं ते मानतात. धर्मा नाही म्हणू शकत नव्हता. नाही म्हणाला असता तर का, हे सांगावं लागलं असतं. त्याला वाटलं, थोडी थोडी घेतली तर काय होईल, अंमळ गुंगी येईल. त्यानं ती सगळ्यांच्या चहात टाकली. चिमटीनं नाही, तशी टाकली असती तर पुन्हा विचारणा झाली असती. अंगदुखीला घेतात तशी, चमच्यानं. स्वतःही घेतली, तांडेलानं आपला वाटा सोडायचा नसतो.

पाणी फिरलं तेव्हा जाळं ओढायला कोणी उठलं नाही. जागा राहणाराही झोपला होता. मचवा उलट्या ओढीत फिरला, दोर खडकाला घासून तुटला, आणि वारा त्याला किनाऱ्याकडच्या खडकांवर घेऊन गेला. दुसऱ्या मचव्यांनी पाहिलं म्हणून माणसं हाती लागली. मचवा गेला. पुडीचा कागदही गेला.

माणसांना खाटांवर घालून आणलं तेव्हा दिवस मावळत होता. एक जण हवेतलं जाळं ओढत होता. दुसरा मेलेल्या आईशी बोलत होता. धर्मा नुसता पडला होता, डोळे अर्धे उघडे. मी त्याच्या बाहुल्या पाहिल्या आणि मला समजलं. डॉक्टरांच्या आधी समजलं. मी पोट धुवायची नळी गरम पाण्यात टाकली.

"धोतरा, किंवा त्याच्या जातीचं काहीतरी," डॉक्टर म्हणाले. ते बरोबर होते. "काय खाल्लं रे?"

त्यांतल्या त्यात शुद्धीवर असलेला खलाशी म्हणाला, "भात, कोलंबीचा कालवन. च्या. आन कंपोंडरनी दिल्ली ती पूड."

तेव्हा डॉक्टरांनी मला तो प्रश्न विचारला आणि मी ते उत्तर दिलं.

"पूड कालपट व्हती," खलाशी म्हणाला.

"चहात पडल्यावर काळपटच दिसणार," मी म्हणालो. हेही मला न अडखळता सुचलं.

मी पुडी दिली तेव्हा डॉक्टरांनी आपल्या कानांनी सोडा सॅल ऐकलं होतं. त्यांनी ते धरलं. "सॅलिसिलासनं असं होत नाही. मग जेवणातच काहीतरी असलं पाहिजे."

दारात गर्दी होती. गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "जेवन कोनी रांधला?"

सगळ्या माना एका बाजूला वळल्या. चांगुणा तिथंच होती. धर्माला पाजायला तिनं घरून पितळी तांब्यातून पाणी आणलं होतं. तिच्याभोवतीची माणसं मागे सरली. कोणी हात लावला नाही, कोणी ओरडलं नाही. नुसती जागा झाली. तसा धक्का मला आयुष्यात पुन्हा बसला नाही. माझ्या तोंडातून निघालेला एक शब्द खोलीभर चालत जाऊन एका बाईपुढे उभा राहिलेला मी पाहिला.

आम्ही उशिरापर्यंत पोटं धुतली, कडक कॉफी पाजली, गालांवर चापट्या मारून त्यांना जागं ठेवलं. सगळे वाचले. डॉक्टर मला म्हणाले, "बापट, आज तुम्ही फार चांगलं काम केलंत."

दोन दिवसांनी धर्मा मागच्या दारी आला. चालताना अजून भिंत धरत होता.

"कंपोंडरसाहेब, एक विचारतो. तुमची पूड व्हती काय ती?"

ह्या खेपेला डॉक्टर दारात नव्हते. आतही नव्हते, मुरुडला गेले होते. खरं बोलायला कुठलीच अडचण नव्हती.

"नाही रे. त्या पुडीनं माणूस फार तर गाढ झोपतो. बरळत नाही."

तो भिंतीला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "मंग ती चांगुनाच." आणि थोड्या वेळानं, "तिनं केला आसंल तं बरोबरच केलान. तिचा नवरा माझ्या मचव्यावरून गेला."

तो असं का म्हणाला ते मला तेव्हाच कळलं होतं. भावाच्या मरणाची शिक्षा आपल्याला कधीतरी मिळणार, अशी तो वाटच पाहत होता. मिळाल्यावर त्यानं ती तपासून घेतली नाही.

फौजदारानं चौकशी केली. पण पुरावा समुद्रात गेला होता, कागद बंद झाले. कोळीवाड्याला कागद लागत नव्हते. देवळासमोर पंच बसले. डॉक्टरांनी मला पाठवलं, त्यांचं मत सांगायला.

"कंपोंडर, तुमी शिकलेले. जेवनातूनच झाला ना?"

"डॉक्टर तसं म्हणतात," मी म्हणालो. त्या वाक्यात खोटं काहीही नव्हतं.

चांगुणाला विचारलं. ती म्हणाली, "जो भात मचव्यावर दिला तोच मी खाल्ला. माझ्या पोरीनं पन खाल्ला. आमी कशी उभी मंग?"

"सोतासाठी येगला काढला असशील," कोणीतरी म्हणालं.

ती पुढे बोलली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, नुसतीच बघतेय. गोंधळलेलं माणूस कुठेही बघतं. मी धर्माकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

तिच्या हातची मासळी घ्यायची नाही, तिच्या हातचं पाणी प्यायचं नाही, असं ठरलं. हाकलून कोणी दिलं नाही. त्याची गरज पडत नाही. मुलीला घेऊन ती बोर्ली पंचतनच्या बाजूला माहेरी गेली.

मी पुढे वर्षभरानं नोकरी सोडली आणि पालीला गेलो. तिथल्या दवाखान्यात लागलो. झोप मलाही येत नव्हती. वडिलांच्या पाठाची पूड, ह्या वेळी बरोबर मात्रेत, मी स्वतः घेतली. झोप आली. बाकी काही झालं नाही. ह्या मुळ्यांचं एवढंच काम असतं.

गेल्या वर्षी कॉलऱ्याची साथ पसरली, तेव्हा लस टोचायला आमच्यापैकी काहींना ठिकठिकाणी पाठवलं. मला बोर्ली आलं. बाजारात टेबल टाकून मी बसलो होतो. लोक रांगेत येत, दंड पुढे करत, तोंड फिरवत. एका बाईनं दंड पुढे केला आणि तोंड फिरवलं नाही.

"कंपोंडर ना तुमी?"

केस पांढरे झाले होते. शेजारी सुक्या बोंबलांची टोपली.

"चांगुणाबाई," मी म्हणालो.

"भावजी गेले, समजला ना?"

"समजलं." धर्मा गेल्याचं पालीला माझ्या कानावर आलं होतं.

मी सुई उकळत्या पाण्यातून काढली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मुलगी कशी आहे?"

"लगीन झाला तिचा. सासरी सांगितला न्हाय काय, आपल्या गावाचा." मग, जणू बोंबलांचा भाव सांगावा तशा आवाजात, "ती पुडी झोपंची व्हती. अंगदुखीची नव्हती. भावजींनी मला सांगितलेला, तुमच्याकडून आनली त्याच दिवशी."

माझा हात थांबला. रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "चला की हो."

"मग पंचांसमोर का नाही बोललात?"

"मी बोलून कोन ऐकनार? आन भावजींना झोप न्हाय येत, हात कापतात, हा मी चारचौघांत सांगायचा? त्यांच्यावरच घर व्हता. त्यांचा भाऊ तसा गेला, आता त्यांची पन अब्रू घालवू?" ती माझ्याकडे बघत होती, तेव्हा बघत होती तशीच. "तुमी उभे व्हते ना तिथं. तुमी बोलाल म्हनून मी तुमच्याकडं बघत व्हते."

मी तिच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. बोलायला काही नव्हतं असं नाही.

"सोता घेता काय ती पूड? झोप लागते ना?" ती म्हणाली. मग दंड आणखी पुढे केला. "टोचा. मागं मानसं खोलंबली हायत."

मी टोचलं. तिनं टोपली उचलली आणि गेली. नंतर मी संध्याकाळपर्यंत लस टोचत होतो. एकही सुई चुकली नाही.

ह्या धंद्यात एवढं शिकलो की औषध देताना रोग सगळे विचारतात. ते घेऊन माणूस कुठे जाणार आणि कोणाबरोबर बसून घेणार, हे कोणी विचारत नाही. डॉक्टर सबनीस म्हणत, मुळी मोजता येत नाही. ते खरं होतं. पण त्या पुडीतलं सगळ्यांत जहाल जे होतं ते मुळी नव्हतं. ते मी वरून लावलेलं नाव होतं.

डॉक्टर आता निवृत्त आहेत. त्यांना पत्र लिहिणं सोपं आहे. हे सगळं इथं लिहिणंही सोपंच निघालं. पण माझं देणं त्यांचं नाही, वाचणाऱ्यांचंही नाही. त्या कोळीवाड्यात, त्या देवळासमोर, जे हयात आहेत त्या सगळ्यांना बसवून मला उभ्यानं एवढं सांगायचं आहे: जेवणात काही नव्हतं, पुडीत होतं, पुडी माझी होती, आणि चांगुणाला हे ठाऊक असून ती गप्प राहिली. हे मी तिला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.